जेलाटोच्या दारातली खाजेवाली

हरमलच्या किनाऱ्यावर इटालियन जेलाटो कुठं मिळतं, असं कुणी विचारलं की मी सांगते, खाजेवालीच्या पाठीमागे.

तिचं नाव मी कधी विचारलं नाही. जेलाटोचं, म्हणजे तिकडच्या आइस्क्रीमचं, ते दुकान यायच्या आधीपासून ती त्याच माडाखाली टोपली घेऊन बसते. गुळात घोळवलेलं, आल्याच्या वासाचं जत्रेतलं खाजं ती आधी मोडून दाखवते. कट्टकन आवाज झाला, तरच विकते.

एकदा दुकानाचा मालक बाहेर आला. "मावशी, जरा पलीकडे सरून बसा. गिऱ्हाइकांना दार दिसत नाही."

माड आधीचा, दार नंतरचं. सरायचंच असेल तर दारानं सरावं!

तिनं टोपलीवरचं फडकं झटकलं, टोपली उचलली आणि दाराच्या आणखी हातभर जवळ नेऊन ठेवली. मग त्याच्याच गिऱ्हाइकांना मोठ्यानं म्हणाली, "थंड जाय तर भितर वचा. दात आसात तर हंय बसा!" म्हणजे थंड हवं असेल त्यानं आत जावं, दात असतील त्यानं इथं बसावं.

माझ्या हातातला जेलाटोचा कोन तोवर मनगटापर्यंत ओघळला होता. मालकाच्या डोळ्यांदेखत मी तिच्यासमोर बसकण मारली आणि दुसरा हात पुढे केला.