हौदातले पाव्हणे

मासा हाती आला की प्रोफेसर त्याला ओल्या तळहातावर आडवा धरत, खिशातलं भिंग डोळ्याला लावत आणि विचारत, “काय पावणं, कुठलं गाव?” मासा अर्थातच गप्प. मग खवले मोजून, मिशा तपासून त्याची ओळख तेच पटवून घेत.

आमच्या शेजारचे हे प्रोफेसर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. संस्थान विलीन झालं तेव्हा कोल्हापुरात चौकाचौकात वाद चालले होते. प्रोफेसर मात्र पंचगंगेच्या घाटावर भोयांच्या माशांच्या पाट्या धुंडाळत होते. “मास्तर, खायाचं न्हाय तर चिवडताय कशाला?” म्हणून एक म्हातारी रोज त्यांच्यावर खेकसायची. चांगला मासा मात्र त्यांच्यासाठीच बाजूला ठेवायची.

एका आषाढात ते गगनबावड्याच्या एस.टी.तून चिंब भिजून उतरले. दोन्ही हातांत बादल्या. त्यांच्या गावच्या ओढ्यातले मासे होते. दिसायला साधी खवली, नदीत नेहमी मिळते तीच, पण नाकाडावर मोहरीएवढे पांढरे, टणक दाणे.

“वैनी, हौद द्या तुमचा. ह्यो मासा पुस्तकात न्हाय.”

मागच्या हौदात डासांच्या अळ्या झाल्याच होत्या. मी म्हटलं, सोडा.

नव्या माशाला ते आपल्या गावाचं नाव देणार होते. “नकाशात न्हाय आमचं गाव. माशात तरी येऊ दे की!” लेख लिहून तयार होता. कॉलेजातले म्हणत, छापून मोकळे व्हा, नाहीतर दुसरा कोणी नाव देऊन बसेल. पण प्रोफेसरांना एक शंका होती. सगळे मासे भर पावसात धरलेले. नर विणीच्या दिवसांत नटतात, तसे हे दाणे तेवढ्यापुरतेच तर नसतील?

“पाऊस सरू दे,” एवढंच म्हणत. रोज सकाळी हौदाशी उकिडवे बसत. माझी धुणी तुंबायची, मी बोलायची. ते जरा सरकून बसत.

दसऱ्याला दाणे बारीक झाले. दिवाळीच्या आधी एका सकाळी त्यांनी मासा हातावर घेतला आणि बराच वेळ भिंग खाली केलं नाही. मग मोठ्यानं हसले.

“वैनी, पावणं आपल्यातलंच निघालं! साधी खवली.”

“वाईट वाटलं?”

“वाटलं की. पण त्यात माशाची काय चूक? च्या टाका.”

चहा होईपर्यंत ते लेख घेऊन आले आणि आमच्या बंबात घातला. त्या दिवशी पाणी लवकर तापलं.

पुढे त्यांनी पुष्कळ काम केलं. कृष्णेपर्यंतच्या नद्या पालथ्या घातल्या, विद्यार्थी तयार केले. त्यांच्या गावाचं नाव मात्र कुठल्याच माशाला लागलं नाही. आता तेही नाहीत. हौदही मी बुजवला. जागा हवी होती.

लेख जाळला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी मासे बादल्यांत भरले. मी म्हटलं, “पंचगंगा जवळ आहे, तिथंच सोडा.”

“असं कसं? त्यांचं गाव तिकडं हाय.”

एक बादली मी स्टँडपर्यंत पोचवली. ते खिडकीशी बसले, एक बादली मांडीवर, दुसरी पायांत. पाणी धोतरावर हिंदकळत होतं. कंडक्टरनं विचारलं, “पावणं, कुठलं गाव?”

त्यांनी गावाचं नाव इतक्या ठणठणीत आवाजात सांगितलं की सगळी गाडी वळून बघायला लागली.