तळाशी बसलेलं औषध

त्या साली पाटसच्या आमच्या रानात ऊस एवढा उंच गेला होता, की ढग शेंड्यांत अडकायचे. मग आम्ही ते काठीनं पुढं ढकलायचो. असल्या उसाची एक पात सपकन माझ्या उजव्या डोळ्यात बसली. मी हसण्यावारी नेलं. चार दिवसांत डोळा लालभडक झाला, बुबुळावर पांढरा ठिपका आला.

दौंडच्या डॉक्टरीणबाईंनी बॅटरी मारून पाहिलं. "बुरशी चढलीय. आत उतरली तर डोळा जाईल. जागे असाल तोवर दर तासाला थेंब."

औषधाचं नाव नाटामायसिन. मातीतल्या जिवाणूपासून मिळतं आणि परदेशात चीजला बुरशी धरू नये म्हणून वरून हेच लावतात, असं बाई म्हणाल्या.

"मग थोडं आमच्या लोणच्यातबी टाकू का?"

"आधी डोळा टिकवा!"

मामा दौंडला रेल्वेत पॉइंट्समन, रुळांचे सांधे बदलणारे आणि गाड्यांना झेंडे दाखवणारे. त्यांच्या क्वार्टरमध्येच मी मुक्काम ठोकला. मामांनी माझा डोळा ड्यूटीवर घेतला. तास भरला की, "टायम झाला, मान वर कर!" जंक्शनातल्या गाड्या आमच्या थेंबावर घड्याळ लावायच्या, यात अतिशयोक्ती थोडीच आहे. बाटलीला मात्र ते फुलासारखं जपायचे. हिंदकळलं की औषधाचा गुण जातो, ही त्यांची पक्की समजूत.

आठ दिवसांनी ठिपका वाढलेला. बाईंनी बाटली उजेडात धरली. वर नितळ पाणी, तळाशी पांढरा थर.

"हलवून घालत होतात ना?"

मी मामांकडं बघितलं, मामांनी बाटलीकडं.

"रानात बुरशीवरची पावडर पाण्यात घालून फवारता, तेव्हा ढवळत नाही?"

"ढवळतो की. न्हाईतर पिकाला नुसती आंघोळ."

"मग डोळ्याला काय घातलीत?"

मामा चपलेकडं बघत म्हणाले, "बाटलीवर इंग्रजीत लिवलंय हो."

त्या दिवसापासून आम्ही दोघं पेटलो. मामा बाटली अशी खदखदवायचे, की शेजारच्या क्वार्टरमधली भांडी वाजायची. थेंब चरचरायचा, मी खाटेची कड धरून डोळा उघडा ठेवायचो. घरून निरोप आला, पाव्हणे आलेत, दोन दिवस येऊन जा. मी कळवलं, पाव्हण्यांना जेवू घाला, मी हलत नाही. ठिपका आधी थांबला, मग आक्रसत गेला. महिना उलटल्यावर बाई म्हणाल्या, "बुरशी गेली. डाग राहील."

मामांचा डॉक्टरवर विश्वास होता, पण अर्धाच. त्यांनी मला अंगणाच्या एका टोकाला उभं केलं, आपण ड्यूटीचे झेंडे घेऊन दुसऱ्या टोकाला गेले.

"डावा झाक. ह्यो कंचा झेंडा?"

सगळं धुक्यातनं पाहिल्यासारखं. "हिरवा."

"आन् ह्यो?"

"लाल."

"आन् आता?"

मी डोळा ताणून बघितलं. "मामा, हात मोकळा हाय तुमचा."

"व्हय," मामा म्हणाले. "जा आता रानात."