न चाखलेली आमटी

माझ्या हातून जे झालं, ते आमच्या सेक्टरमधल्या वाण्यापासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. मग तुम्हीच का मागे राहावं? घ्या, चहा निवतोय, मी सांगते. फक्त मध्ये हसायचं नाही. बरं, हसा. सगळेच हसतात.

मी मुळात कमी बोलणारी. त्यात लग्न होऊन नव्या मुंबईत आले आणि तोंडाला कुलूपच लागलं. त्याला कारण होतं. माझं माहेर साताऱ्याकडचं, कालव्याच्या काठचं. पाणी पाटकऱ्याने सोडलं की येतं आणि बंद केलं की जातं, एवढंच मला माहीत. इथे पहिल्याच आठवड्यात बघते तर सकाळी घरामागची खाडी काठोकाठ भरलेली आणि दुपारी नुसता चिखल! मी सासूबाईंना विचारलं, "आई, आज पाणी कुणी बंद केलं?"

झालं! घरात हसू, शेजारी हसू. आमचे हे तर ऑफिसातून आले की दारातूनच विचारायचे, "काय मग, भरती सोडलीस का आज?" तेव्हाच मी ठरवलं, की आता कुणाला काही विचारायचंच नाही. बघायचं, आपलं आपण समजून घ्यायचं आणि गप्प बसायचं.

अहो, तिथेच तर घोडं पेंड खातं!

आमचे सासरे म्हणजे नाना. कोकणातले, निवृत्त, आणि डोक्यात एकच ध्यास. पृथ्वी तापतेय, समुद्र वर येतोय, असं पेपरात कुठे आलं की मोठ्याने वाचून दाखवायचे. कॉलनीतले लोक चिडवायचे, "नाना, समुद्र जिन्यापर्यंत आला की हाक मारा हां!" पण खरं सांगू का? पुनवेच्या भरतीचं पाणी आधी रस्त्यापलीकडेच थांबायचं, ते आता आमच्या फाटकाला लागायला लागलं होतं. नानांचं म्हणणं साधं होतं. मागच्या काठावरची खारफुटी लोकांनी सरपणासाठी तोडली, उरलेल्या जागेवर डेब्रिज टाकलं, ती परत लावायची. "सिमेंटची भिंत समुद्राशी भांडते, सूनबाई. झाड त्याला समजावून सांगतं."

महिनोन् महिने ते दारोदार फिरले. शेवटी श्रावणातल्या एका रविवारी काही मंडळी तयार झाली. कारण नानांनी आधी जेवण ठेवलं होतं! आमच्या कॉलनीत पर्यावरणाची वाट पोटावरून जाते.

नेमकं त्याच दिवशी सासूबाईंना पनवेलला डोहाळजेवणाला जायचं होतं. जाताना म्हणाल्या, "वरण नको, आमटी कर. चांगली कोकणातली, काळपट रंगाची. आणि नैवेद्य दाखवायच्या आधी चाखायचं नाही हो!" नाना काठाकडची जागा साफ करायला निघाले. जाता जाता म्हणाले, "मागच्या बाल्कनीत टोपली आहे. वर पाणी शिंपड, सुकू देऊ नकोस."

आता पुढचं नीट ऐका.

मी टोपलीवरचं ओलं गोणपाट उचललं. आत काय? शेवगा! लांबलचक, हिरवागार, ताजा! आदल्या संध्याकाळी मी देवळात गेले असताना कुणीतरी आणून ठेवलेला, आमटीसाठीच असणार. हं, जरा जाड होता. कडा नव्हत्या. एका टोकाला निमुळता. पण इथलं पाणी वेगळं, आमटी वेगळी, मग शेवगा वेगळा नसेल कशावरून? आणि झाडं लावायची रोपं म्हणजे काळ्या पिशवीतली, दोन पानं असलेली, हे कुणालाही कळतं. ती नानांचे मित्र घेऊन येणार, असं मी आपलं धरून चालले.

पाहुणे येणार म्हणून चांगल्यातल्या चांगल्या शेंगा निवडून घेतल्या. तळाशी वाळक्या, वाकड्या तेवढ्या ठेवल्या. बोटाएवढे तुकडे केले. विळी काळी पडली, माझे हात तांबडे झाले. म्हटलं, वा! काय कस आहे कोकणच्या मातीत! कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या तरी तुकडे टणकच. मग गूळ घातला, आमसुलं घातली, गोडा मसाला सढळ हाताने. आणि आमटीला असा काळपट रंग चढला म्हणून सांगू! सासूबाईंनी सांगितला होता, त्याच्याही पुढचा.

नैवेद्य दाखवला. देवाने काही तक्रार केली नाही, एवढं मात्र नोंदवून ठेवा.

पंगत बसली. नाना, आमचे हे, सोसायटीचे सेक्रेटरीसाहेब, मार्केटात टेम्पो चालवणारे बबनराव आणि आणखी दोघं-तिघं शेजारी. बबनराव माझ्याच गावाकडचे. मी आमटी वाढली आणि दाराआड उभी राहिले.

नुसतं चावण्याचं काम चालू. सेक्रेटरीसाहेबांचा चेहरा हळूहळू आत ओढल्यासारखा झाला. नानांनी एक पेला पाणी प्यायलं, मग तांब्याच तोंडाला लावला.

"वा," नाना म्हणाले. "रंग... रंग छान आलाय."

"टेस्ट एकदम वेगळी," सेक्रेटरीसाहेब म्हणाले. "वहिनी, साताऱ्याकडची पद्धत वाटतं?"

मी दाराआडून गप्प. नानांनीच सांभाळून घेतलं, "हो हो, माहेरची पद्धत असणार. त्यांच्याकडे शेंगा जरा करकरीतच ठेवतात."

त्यावर बबनरावांचा घास हातातच राहिला. "आमच्याकडं? न्हाई बा! आवो, मी म्हणतोय कोकणातलं कायतरी दिसतंय, नावं कशाला ठेवा!"

बघितलंत? कोकणातल्यांना वाटतंय सातारा, साताऱ्याला वाटतंय कोकण, आणि दोन्ही जिल्हे आपले नव्या सुनेचं मन राखायला चावताहेत!

इतक्यात दारात दामूकाका आले. नानांचे जुने मित्र, उलव्याच्या पलीकडच्या गावातले. बस चुकली म्हणून उशीर झालेला. हातपाय धुऊन पाटावर बसले, वाटीत बघितलं, एक तुकडा उचलून उजेडात धरला.

"नाना," ते सावकाश म्हणाले, "ही कांदल कोनी रांधली?"

"कांदळ?"

"आरं, खारफुटी! काल मी टोपली आनून ठेवली नाय का? झाडाला लटकून ज्या शेंगा रुजतान, त्या! लावायला आनलेल्या! अगो सूनबाय, जल्ली तू तं आख्खं जंगल फोडनीला घातलंस!"

नाना ताटावरून उठून बाल्कनीकडे धावले. मी मागोमाग. टोपलीच्या तळाशी त्या वाळक्या, वाकड्या चार शेंगा. नाना टोपलीकडे बघत उभे. ओरडले असते तर बरं झालं असतं हो. ते नुसते म्हणाले, "सहा महिन्यांनी माणसं जमली होती गं." पोरासारखा चेहरा झाला होता त्यांचा.

हे ऐकून माझं काय झालं कुणास ठाऊक. त्या खाडीच्या प्रश्नानंतर जो आवाज कुणी ऐकला नव्हता, तो बाहेर पडला.

"काका, अजून कुठे मिळतील?"

सगळ्या पंगतीने वळून बघितलं. आमच्या ह्यांनी तर हातातला तांब्या खाली ठेवला.

"आमच्या खाडीला झाडांखाली बक्कल पडल्यान," दामूकाका म्हणाले. "पन ओटी लागली हाय, भरती याच्या आदी बिगीबिगी जावं लागल."

"टेम्पो खालीच हाय," बबनराव हात धुवत म्हणाले. "हितं बसून ह्या शेंगा चावण्यापरीस चिखल बरा!"

आणि एक गंमत सांगते. एरवी ही मंडळी भरपेट जेवून 'आलोच' म्हणत जी घरी गेली असती, ती संध्याकाळच्या चहालाच उठली असती. पण जेवलं होतं कोण? माझ्या आमटीमुळे झोप कुणालाच आली नाही! सगळेच्या सगळे टेम्पोत चढले. सेक्रेटरीसाहेब पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. वाटेत वडापावच्या गाडीवर मात्र अशी झुंबड, की गाडीवाल्याने विचारलं, "उपास सुटला का सगळ्यांचा?"

आम्ही दोन पोती भरून शेंगा वेचल्या आणि परत येऊन काठावर उतरलो. पायाखाली चिखल असा, की एक पाय काढावा तर दुसरा मागे राहतो. खेकडे पळताहेत, आमचे हे माझा हात धरून चालताहेत, तेही चारचौघांत! शेजारणी गॅलरीतून बघत होत्या, त्यातल्या तिघी-चौघी पदर खोचून उतरल्याच.

दोन पावसाळे झाले त्याला. आज तिथे कंबरेएवढी झाडं उभी आहेत, मुळांचे चार चार पाय रोवून. बगळे येतात. पुनवेचं पाणी अजून येतं, पण येताना पहिल्यासारखी धडक मारत नाही. नाना म्हणतात, अजून खूप लावायची आहेत, आणि आता त्यांना दारोदार फिरावं लागत नाही. दर श्रावणात लोकच विचारतात, "नाना, लावणी कधी? आणि स्वयंपाक कोण करणार?"

पण त्या दिवसाचं शेवटचं सांगायचं राहिलंच.

चुकीची भरपाई करायची म्हणून मी सगळ्यांच्या पुढे. कुणाला काही न विचारता, खाली मान घालून, शेंगा रोवत सुटले. मागे वळून बघितलं तर अशी सरळ ओळ, की माहेरच्या उसालाही लाज वाटावी! मी घाम पुसला. आता तरी कुणी शाबासकी देईल म्हणून उभी राहिले.

दामूकाका ओळीच्या कडेने चालत आले. वाकले. एक शेंग उपटली, मग दुसरी, मग तिसरी. कपाळावर हात मारून ओरडले, "आरं नाना! हिनं सगली उलटी लावल्यान! मुलाकडची टोकां आभालात, शेंडं चिखलात!"

मी डोळे मिटून घेतले.

नाना फचक फचक चिखल तुडवत आले, ओळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "असू दे दामू, करू सरळ. या खेपेला हिने कच्च्या तरी ठेवल्यान!"