दाराबाहेरचे बूट

गेल्या महिन्यात एका सकाळी परदेशातल्या नंबरावरून फोन आला. मी उचलला नाही. हल्ली असले फोन बहुतेक लुबाडणाऱ्यांचेच असतात. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा माझ्या नवऱ्याने, श्रीकांतने घेतला, ‘मोराग आहे’ एवढंच म्हणाला आणि फोन माझ्या हातात देऊन गॅलरीत निघून गेला. मोराग ही डुगींची मुलगी. ती कधी फोन करत नसे. दर नव्या वर्षाला डुगी स्वतः करायचे, नाशिकला थंडी किती आहे ते विचारायचे आणि आकडा ऐकून पोटभर हसायचे. तिचा फोन आला म्हटल्यावर पुढे काही सांगायची गरज नव्हती, तरी तिने नीट सांगितलं. आदल्या दुपारी झोपेतच गेले, त्रास झाला नाही. मग तिने विचारलं, “ते बूट खरंच आहेत का? बाबा सांगायचे, पण आम्हाला वाटायचं ते रंगवून सांगतात.” मी म्हटलं, “आहेत. आत्ता आमच्या दाराबाहेर आहेत.” त्यावर ती रडायला लागली.

डुगी लेअर्ड हे नाव इथल्या वाचकांना माहीत असायचं कारण नाही. स्कॉटलंडमध्येही आता फार थोड्यांना असेल. कुवेतमधल्या एका रुग्णालयात मी फिजिओथेरपिस्ट होते आणि ते तिथल्या एका फुटबॉल क्लबचे मॅनेजर. त्यांचा उजवा गुडघा मी आधी ओळखायला लागले, माणूस नंतर. गुडघा वाईट होता; तरुणपणी मोडलेला, घाईघाईत शिवलेला आणि नंतर वर्षानुवर्षं दामटलेला. मी व्यायाम सांगायची, ते मान डोलवायचे आणि पुढच्या आठवड्यात काहीही न करता हजर व्हायचे. मी रागावले की लहान तोंड करून बसायचे. पन्नाशीकडे झुकलेला धिप्पाड लाल माणूस असा बसला की राग टिकायचा नाही. शेवटी मी त्यांना एका शुक्रवारी जेवायलाच बोलावलं, म्हटलं, घरी व्यायाम होतो का ते समोर बघते. व्यायाम झाला नाही तो नाहीच. आमटी-भात मात्र दोनदा झाला आणि शुक्रवार ठरून गेला.

कुवेतमधल्या अबू हलीफा भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये, पहिल्याच शुक्रवारी, मी त्यांना बूट बाहेर काढायला लावले. आमची इमारत जवळपास सगळी आपल्याच लोकांची, प्रत्येक दाराबाहेर चपलांचा पसारा. मी त्यांना सांगितलं, आमच्याकडे घरात कोण आहे ते विचारावं लागत नाही, दारातल्या चपला बघितल्या की कळतं. त्यांना हे फारच आवडलं. पुढे ते जिना चढून आले की आधी चपलांकडे बघून ‘आज शेजारच्या नाईकबाई दिसतात’ असं बाहेरूनच ओळखायचे. त्यांची स्वतःचीही एक पद्धत होती. बूट काढले की लगेच वर्तमानपत्राचे बोळे करून आत कोंबायचे. वडील खाणकामगार; ओले बूट चुलीसमोर ठेवताना आई आत कागद भरायची, म्हणजे चामडं आकसत नाही. मी म्हणायची, अहो, या वाळवंटात बूट ओले होतात कुठे? ते म्हणायचे, “वर्तमानपत्राचा दुसरा काही उपयोग मला सापडलेला नाही.”

त्या बोलण्यामागे एक जखम होती, ती मला बऱ्याच उशिरा कळली. गावातल्या क्लबकडून ते मधल्या फळीत खेळायचे. चांगले खेळत असणार, कारण एका मोठ्या क्लबचा माणूस त्यांना बघायला यायला लागला होता. त्याच हंगामात गुडघा गेला. मग तिशीच्या आत मॅनेजर झाले, एका लहान गावच्या टीमला वरच्या गटात नेलं, लोकांनी खांद्यावर घेतलं, आणि पुढच्याच वर्षी सलग हरल्यावर काढून टाकलं. काढल्याचं त्यांना कुणी सांगितलंच नाही. सकाळी दूध आणायला दुकानात गेले, तिथे पेपरात स्वतःचा फोटो दिसला. दुकानदाराला आधी कळलं होतं, मला नंतर, असं म्हणताना ते हसत असत, पण गुडघा चोळायला लागायचे. तेव्हापासून त्यांनी एक नेम केला. ज्याला टीममधून वगळायचं, त्याला सकाळीच, एकट्याला बाजूला घेऊन, डोळ्यांत बघून स्वतः सांगायचं. फळ्यावर नाव नाही म्हणून कुणाला कळता कामा नये. नव्वदच्या उन्हाळ्यात, हंगामाच्या शेवटच्या सामन्याला, त्यांनी जासिम नावाच्या आपल्या गोलकीपरला असंच सांगितलं होतं. पोरगा रडला म्हणे. डुगींनी त्याला शब्द दिला, नव्या हंगामाचा पहिला सामना तुझा. ‘रडणारा गोलकीपर कधी सोडू नये,’ असं त्या शुक्रवारी ते आम्हाला आमटी ओरपत सांगत होते.

नवा हंगाम आलाच नाही. ऑगस्टमध्ये इराकी सैन्य आलं. आम्हा भारतीयांना फारसं कुणी अडवत नव्हतं, पण ब्रिटिश आणि अमेरिकन माणसांना हॉटेलांत हजर व्हायचा हुकूम निघाला. तिथून त्यांना इराकमध्ये नेऊन कारखान्यांत, धरणांवर ओलीस ठेवत होते. लपवणाऱ्याला गोळी, असंही जाहीर झालं. दोन गल्ल्यांपलीकडे राहणारे डुगी एका दुपारी रिकाम्या रस्त्याने चालत आमच्याकडे आले. हातात पिशवी, अंगात श्रीकांतला झबल्यासारखा होईल एवढा शर्ट. दारात म्हणाले, आज शुक्रवार नाही, चालेल का? श्रीकांतने त्यांना हाताला धरून आत ओढलं. आम्ही दोघांनी काही ठरवलं नव्हतं, बोललोही नव्हतो. आज वाटतं, बोललो असतो तर कदाचित घाबरलो असतो.

ते आठवडे विचित्र होते. मी कामावर जायची, श्रीकांत पाव आणि पाण्याच्या रांगेत उभा राहायचा, आणि घरात हा एवढा मोठा माणूस आवाज न करता वावरायचा. पडदे बंद. हसायचे तेसुद्धा तोंडावर उशी धरून. आणि गंमत बघा, गुडघ्याचे सगळे व्यायाम त्यांनी त्या काळात केले, न चुकता. तांदळाची पोती रचून आम्ही कोठीच्या खोलीत त्यांच्यासाठी आडोसा केला होता. खिडक्या, आवाज, कचऱ्यातल्या सिगारेटी, सगळ्याचा विचार केला होता. फक्त एक गोष्ट आमच्या तिघांच्याही लक्षात आली नाही. आले त्या दुपारी, जिवावर बेतलेलं असताना, त्यांनी आपल्या सवयीने बूट दाराबाहेर काढले होते, कागद भरून नीट जोडीने ठेवले होते. आम्ही रोज त्यांच्यावरून येत-जात होतो. आमच्या डोळ्यांना ते तिथलेच वाटत होते. कुणा दुसऱ्याच्या घरात हे झालं नसतं. आमच्याकडेच होणार.

एका दुपारी दोन सैनिक झडती घेत आमच्या मजल्यावर आले. डुगी पोत्यांमागे गेले. मी दार उघडलं तर त्यातला धाकटा सैनिक घरात बघतच नव्हता, खाली बघत होता. बंदुकीच्या टोकाने त्याने एक बूट हलवला आणि विचारलं, हे कुणाचे? मागून श्रीकांत म्हणाला, “माझे.” सैनिकाने त्याच्या पायांकडे बघितलं. श्रीकांतचे पाय बायकांच्या मापाचे, त्यावरून मी आयुष्यभर चिडवत आलेय. सैनिक म्हणाला, घाल. श्रीकांतने पाय सरकवले… आणि ते घट्ट बसले. आत कागद होता ना. तो जिन्यापर्यंत चालत गेला आणि परत आला, बूट आपटत, अगदी सावकाश. सैनिकाने वाकून बघितलं, टाचेशी कागदाचं टोक दिसलं, तसा तो हसायलाच लागला. स्वस्तात मिळाले म्हणून घेतलेस ना, असं काहीसं अरबीत म्हणाला. श्रीकांतही हसला. मग ते आत येऊन आमचा कॅसेट प्लेअर घेऊन गेले. जाताना धाकटा टीव्हीकडे बोट दाखवून म्हणाला, हा न्यायला मी परत येणार. दार लावल्यावर श्रीकांत बूट न काढताच जमिनीवर बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा टाकत होते, तेव्हा डुगी स्वयंपाकघरात आले. दाढी केलेली, केस ओले. मला म्हणाले, जरा इकडे या, एकट्याच. मला क्षणात कळलं आणि मी ऐकायचं नाही असं ठरवून भांडी वाजवायला लागले. ते थांबले. मी त्यांच्याकडे बघेपर्यंत थांबले.

“आजच्या टीममध्ये मी नाही,” ते म्हणाले.

मी खूप भांडले. जे सुचेल ते बोलले. त्यांचा एकच मुद्दा होता: तो पोरगा टीव्हीसाठी नक्की येणार, आणि दर वेळी तांदळाची पोती पुरणार नाहीत. मग ते श्रीकांतकडे गेले आणि त्यालाही असंच, बाजूला घेऊन सांगितलं. दारातून बाहेर पडल्यावर डुगी सवयीने बुटांकडे वाकले आणि तसेच थांबले. हात मागे घेतला. मी म्हटलं, घाला ना, थांबलात का?

“हे श्रीकांतचे आहेत,” ते म्हणाले. “तो सैनिक परत आला आणि हे इथे नसले, तर?”

त्यांनी श्रीकांतच्या निळ्या रबरी सपाता पायात अडकवल्या. अर्धी टाच बाहेर, जमिनीवर. त्या उन्हात, तापलेल्या डांबरावरून, दुखरा गुडघा सांभाळत ते हॉटेलाकडे चालत गेले. मी खिडकीच्या पडद्याआडून बघत होते. त्यांनी मागे वळून बघितलं नाही; बघितलं असतं तर खिडकी कुणाच्या तरी लक्षात आली असती. सैनिक खरंच परत आला. बूट दारात होते. त्याने टीव्ही उचलला, बुटांकडे बघून पुन्हा हसला आणि गेला.

पुढे बगदादमार्गे बसने अम्मानला आणि तिथून विमानाने मुंबईला आम्ही आलो तेव्हा फारसं काही आणता आलं नाही. माझ्या साड्या राहिल्या, लग्नातली भांडी राहिली. श्रीकांतने बूट आणले. डुगींना डिसेंबरात सोडलं, ते आम्हाला बऱ्याच दिवसांनी कळलं. एक्क्याण्णवच्या उन्हाळ्यात आम्ही पुन्हा कुवेतला गेलो, तेव्हा तेलविहिरी जळत होत्या आणि भर दुपारी गाडीचे दिवे लावावे लागत होते. एका शुक्रवारी दार वाजलं. डुगी होते, निम्मे झालेले. क्लबने टीम उभी करायला बोलावलं होतं. मी त्यांना मिठीच मारली आणि मग वाळल्याबद्दल रागावले. बूट नाशिकला आहेत म्हटल्यावर ते म्हणाले, राहू देत, तिथे मी घरी असल्यासारखा असेन.

जासिम परत आला नव्हता. माघार घेताना इराकी सैन्याने पकडून नेलेल्यांत तो होता आणि पुढे त्याचा काहीच पत्ता लागला नाही. डुगी अर्दिया या उपनगरात त्याच्या वडिलांकडे गेले, सोबत श्रीकांतला घेऊन. श्रीकांत सांगतो, म्हातारा आणि डुगी समोरासमोर बसले, कॉफी आली, आणि डुगींनी त्याच्या डोळ्यांत बघून सांगितलं की पहिल्या सामन्याला तुमचा मुलगा टीममध्ये आहे. आहे, असंच म्हणाले. म्हाताऱ्याने त्यांचा हात हातात घेतला आणि सोडलाच नाही. पहिल्या सामन्यापूर्वी ज्याला गोलमध्ये उभं करायचं होतं, त्या नव्या मुलाला बाजूला घेऊन ‘जासिमच्या जागी तू’ असं सांगायची वेळ आली, तेव्हा डुगींना ते जमलं नाही. त्यांनी क्लबला निरोप दिला आणि ते गावी परत गेले. त्यानंतर त्यांनी कधीच टीम निवडली नाही. मोराग म्हणाली, गावातल्या मैदानावर ते रोज जायचे, पण रेषेबाहेर उभे राहायचे, कुणी काही विचारलं तरी हसून टाळायचे. मॅनेजरच्या नोकरीवरून त्यांना एकदा क्लबने काढून टाकलं होतं. दुसऱ्यांदा त्यांनी ती स्वतः सोडली, आणि या दुसऱ्या वेळचं दुःख मला जास्त वाटतं.

नाशिकच्या आमच्या दाराबाहेर ते बूट इतकी वर्षं आहेत. नवीन माणूस आला की विचारतो, कुणी पाहुणे आलेत का? श्रीकांत म्हणतो, हो, आहेत. महिन्यातून एकदा तो खाली बसतो, जुने बोळे काढतो, चामड्याला तेल लावतो आणि ताजा पेपर भरतो. मोरागने विचारलं, बूट पाठवाल का? मी हो म्हणणार होते. पण तिनेच म्हटलं, नको, राहू देत, ते तुमच्याकडे घरी आहेत… डुगींबद्दल पेपरात पुन्हा काही छापून येईल, असं मला कधी वाटलं नव्हतं. आता हा लेख येईल. मी तो श्रीकांतला एकदा मोठ्याने वाचून दाखवीन, आणि मग तो हे पान माझ्या हातातून घेईल, त्याचा नीट बोळा करील आणि उजव्या बुटात भरून ठेवील.