सासऱ्यांनी केलेला चिखल

आमच्या संग्रहालयाच्या जतन विभागात एक गृहस्थ आहेत. सगळे त्यांना फुंकरदादा म्हणतात, कारण कुठलीही वस्तू हातात आली की ते आधी तिच्यावर हलकीशी फुंकर मारतात. चहावरसुद्धा, मग तो गार झालेला का असेना. मी त्यांच्याच मजल्यावर बसतो. काचपेट्यांतले दिवे माझ्याकडे आहेत.

यंदा आम्ही हेरकथांमधल्या आणि हेरपटांमधल्या मनगटी घड्याळांचं प्रदर्शन आखत होतो. कादंबरीतलं घड्याळ कागदावरच असतं, त्यामुळे तिथे उतारे आणि चित्रं लावून भागतं. सिनेमातली घड्याळं मात्र खरोखर मिळतात. कोणाच्या चावीतून तार निघते, कोणाच्या आत यंत्रच नसतं. "असलं काही कोणाकडे असेल?" आमच्या प्रमुख मॅडमनी पहिल्याच बैठकीत विचारलं. दादा लगेच म्हणाले, "आमच्या सासऱ्यांकडे आहे एक."

सासऱ्यांना ते मामा म्हणतात. मामांनी उभं आयुष्य सिनेमासाठी वस्तू बनवल्या. पिस्तुलं, पासपोर्ट, डोक्यात फुटणाऱ्या बाटल्या. पडद्यावर त्यांचं नाव एकदाही आलं नाही. सामानवाल्यांची नावं द्यायची तेव्हा पद्धतच नव्हती. बाकी सगळं भंगारात गेलं, एवढं एक घड्याळ उरलं. "मामा, पाटीवर तुमचं नाव येणार," दादांनी त्यांना सांगितलं. मामांनी संध्याकाळपर्यंत अख्ख्या इमारतीला ही बातमी दिली आणि नवा शर्ट शिवायला टाकला.

घड्याळ रुमालात बांधून आलं. काचेवर आणि पट्ट्यावर चिखल वाळून घट्ट बसला होता. दादांनी फुंकर मारली, दिवा जवळ ओढला आणि ओल्या कापसाने पुसायला घेतलं. चिखल भलताच चिवट निघाला. "मामांनी हे कपाटात ठेवलं होतं की गटारात?" असं पुटपुटत त्यांनी दुपार घालवली. शेवटी घड्याळ दुकानातल्यासारखं दिसायला लागलं.

दादा तसे कामात ढिले नाहीत. बाकीच्या मालकांना त्यांनी फोन करकरून विचारलं होतं, हा ओरखडा शूटिंगमधला की नंतरचा, हा डाग ठेवायचा की काढायचा. सिनेमातल्या वस्तूला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, हा नियमही त्यांनीच घालून दिलेला. पण हे घड्याळ घरचं होतं. घरच्या माणसाला काय विचारायचं?

काचपेटीच्या मागच्या भिंतीवर एक दृश्य लावायचं होतं म्हणून मी मामांचं घड्याळ ज्यात आहे तो सिनेमा बघायला बसलो. शेवटाकडे नाल्यात एका हेराचं प्रेत सापडतं. चेहरा ओळखू येत नाही. त्याचा साहेब वाकतो, मनगट उचलतो आणि काचेवरचा चिखल अंगठ्याने पुसतो. कमानीसारखी एक स्वच्छ रेघ उमटते आणि तिच्यातून काटे दिसतात. पडदाभर फक्त ते घड्याळ. साहेबाला कळतं, गेला तो आपलाच माणूस.

"दादा, जरा इकडे या."

ते आले. उभ्यानेच पाहिलं. "मागे घे," म्हणाले. पुन्हा पाहिलं. मग खुर्ची ओढून बसले.

"ही रेघ होती," ते म्हणाले. "मला वाटलं, कोणाचा तरी हात लागलाय. मी तिथूनच पुसायला सुरुवात केली."

मॅडमना सांगितलं, तर त्यांनी फारसं मनावर घेतलं नाही. "तुमच्या हाताला काय अवघड आहे? लावा परत. मूळचा चिखल तरी कुठे खरा होता?"

"आणि माझ्या चिखलावर मामांचं नाव घालू?" दादा म्हणाले.

सुट्टीच्या दिवशी दादा सासुरवाडीला निघाले, तेव्हा मलाही घेऊन गेले. "परकं कोणी असलं की मामा आवाज चढवत नाहीत," असं कारण दिलं. वहिनी आधीच माहेरी येऊन बसल्या होत्या. मामांनी चष्मा लावून रुमाल सोडला. घड्याळ उलटंसुलटं करून पाहिलं.

"वा. चकाचक." थोडं थांबून ते म्हणाले, "माझंच चुकलं. पुसून द्यायला हवं होतं मी. तुमच्या काचेत असं घाणेरडं कसं चालेल?"

ते खरंच ओशाळले होते. दादांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"नाही हो मामा. तो चिखल तुम्ही केलेला आहे हे मला माहीत नव्हतं."

"का? सिनेमात तर दिसतो की."

वहिनींनी हातातली कपड्यांची घडी बाजूला ठेवली. "अहो, आपलं जमलं तेव्हा बाबांना म्हणाला होतात ना, शेवट फार आवडला म्हणून?"

"म्हणालो होतो."

"म्हणजे पाहिलाच नव्हता?"

"नाही."

"आणि नंतर, इतक्या वर्षांत?" मामांनी विचारलं. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

"सरस, विटेची भुकटी आणि जळकी कॉफी," मामा माझ्याकडे वळून म्हणाले, जणू मीच विचारलं होतं. "दर वेळी रेघ त्याच जागी यायला हवी. दिग्दर्शक बोंबलायचा. शेवटी मी रेघेसकट चिखल पक्का करून टाकला. नटाने नुसता अंगठा फिरवायचा."

"पुन्हा कराल, मामा? सगळं सामान मी आणतो."

"नको. घड्याळ ठेवा तुम्ही. फक्त नाव काढा माझं."

"अहो बाबा, सगळ्यांना सांगून बसलाय," वहिनी म्हणाल्या. "शर्टसुद्धा शिवून आलाय."

"शर्ट काय, कुठेही घालता येतो. घड्याळ मी बाजारातून आणलं होतं गं. बनवला होता तो चिखलच."

"मग भिंतीवरच्या दृश्याखाली नाव लावतो," दादा म्हणाले. "त्यात आहे तो तुमचाच आहे."

"बघा," मामा म्हणाले आणि आत निघून गेले. परत बाहेर आले नाहीत. उठताना वहिनी दादांना म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढे. मी आज इथेच राहते."

दृश्याखाली नाव लागलं, दादा म्हणाले होते तसं, चांगल्या मोठ्या अक्षरांत. उद्घाटनाला मामा आले नाहीत. वहिनी एकट्याच आल्या, नावाचा फोटो काढून बाबांना पाठवला आणि फोन हातातच धरून ठेवला. भिंतीकडे फारसं कोणी बघत नव्हतं. लोक काचपेटीवर वाकून घड्याळच बघत होते.

कोणीतरी त्यांना सांगितलं असावं, साफसफाई यांची. एक बाई मुद्दाम दादांजवळ आल्या. "केवढं जुनं, आणि किती लख्ख ठेवलंय हो तुम्ही."

वहिनी शेजारीच होत्या. दादा म्हणाले, "हो, मीच पुसलं." बाईंना ते कौतुक स्वीकारल्यासारखं वाटलं. त्या खूश होऊन पुढच्या काचेकडे गेल्या.