पहिली फेक बिनगळाची

पहिली फेक ते नेहमी बिनगळाची टाकायचे. बोटाएवढा पांढरा खोटा मासा, रंग उडालेला, आणि पोटाखाली जिथं गळ लटकायचा तिथं नुसती कडी. तो लांब पाण्यात फेकायचे, दोरी बोटावर धरायचे आणि मान वाकडी करून उभे राहायचे. कुणाचं दार वाजवून आतून पावलं येतात का ते ऐकतो माणूस, तसे. मी बोलायला गेलो की दुसरा हात वर.

"थांबा पेणकर. आधी बघू दे, पाण्यात कोण आहे."

थोड्या वेळानं म्हणायचे, "कोणी नाही," आणि मग गळवाला मासा काढायचे. कधी मात्र काही न बोलता दोरी गुंडाळायचे, फ्लास्क उचलायचे आणि चालू लागायचे. भरती उत्तम, वारा उत्तम, आणि हा माणूस घरी. मी शिव्या घालत मागून जायचो.

तुमच्याही शेजारात असा एखादा असेल. नुसता विक्षिप्त म्हणून सोडून देऊ नका, एवढं सांगायला हे लिहितोय. मी शिकलेला नाही, सातवी नापास. लेस्टरच्या होजिअरीच्या मिलमध्ये जन्म गेला. आमच्या म्हातारपणी मुलगी इकडे वेल्सच्या किनाऱ्यावर हॉस्पिटलात नर्स लागली, तिनं मला आणि बायकोला आणलं. त्या बिनगळाच्या फेकीवाल्यांचं नाव लिहीत नाही. लिहू का, हे विचारायचं राहिलं, आणि आता ते नाहीत.

ओळख झाली ती माझ्या बायकोच्या राखेमुळं.

ती माघात गेली. राख एप्रिलमध्ये आम्ही खडकांच्या टोकावरून समुद्रात सोडली, मी आणि मुलगी. गंगा लांब, नाशिक लांब, आणि तिला हा समुद्र दिसायचा खिडकीतून. खाली लोकरीची टोपी घातलेला एक म्हातारा गळ टाकून उभा होता. आम्हाला बघून त्यानं दोरी ओढून घेतली, टोपी काढली आणि आमचं होईपर्यंत वाऱ्यात उघड्या टकलानं उभा राहिला. जाताना मी मुलीला मराठीत म्हटलं की पाय घसरेल, जपून. मागून आवाज आला, मराठीतच. "कुठले?"

पेणचा, म्हटलं.

"मग जिताडा खाल्लेला माणूस," ते म्हणाले. ते रेवदंड्याकडचे. बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू. पोरगेले असताना लंडनला आले, रेल्वेत फिटर होते, बायको गेल्यावर इकडे येऊन राहिले. मराठी बोलायला कोणी उरलं नव्हतं, म्हणून त्यांची मराठी साठ वर्षं डब्यात ठेवल्यासारखी कोरी होती. स्वतःच सांगायचे, "आम्ही शनिवार तेली. शनिवारी घाणा बंद, आणि माझ्याकडून माशांनाही सुट्टी." शनिवारी ते कधी पाण्यावर आले नाहीत.

जिताड्याचं नाव त्यांनी काढलं आणि मला तिथंच रडू आलं. ते का, हे सांगायला हवं.

माझ्या सासऱ्याच्या खारजमिनीत तळं होतं, त्यात जिताडे. शेवटच्या आठवड्यात बायको जेवायची बंद झाली, आणि एके दिवशी म्हणाली, जिताड्याचं कालवण खावंसं वाटतंय. वेल्समध्ये जिताडा कुठून आणू? दुकानातून कसला तरी गोठवलेला पांढरा मासा आणला, चिंच घालून कालवण केलं आणि छातीठोक सांगितलं की लेस्टरहून जिताडा मागवला. तिनं एक घास घेतला. माझ्याकडे बघितलं. "छान झालंय," म्हणाली आणि वाटी बाजूला ठेवली. खोटं कळल्यावर ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तीन दिवसांनी ती गेली.

हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी माझं सांत्वन केलं नाही. म्हणाले, "इथला बास मासा बघितलाय? जिताड्याचा धाकटा भाऊ. तेच रुपेरी अंग, तोच पाठीवरचा काटा, तोच माज."

तेव्हा मी ठरवलं. तिच्या वर्षश्राद्धाच्या पानावर खरा मासा वाढायचा, आणि तो माझ्या हातानं धरलेला. दुकानातला नाही. दुकानातल्या माशानं एकदा तिला फसवून झालं होतं.

"मग शिका," ते म्हणाले. "वर्ष आहे तुमच्याकडे."

मला वाटलं होतं गळाला काहीतरी लावायचं आणि बसायचं. त्यांच्याकडे खोट्या माशांचा एक डबा होता, आणि तो डबा म्हणजे पंचांग. एप्रिल-मेमध्ये पाणी गार, बास किनाऱ्याला येतो तो कात टाकलेल्या मऊ चिंबोऱ्या खायला. तेव्हा तपकिरी रबराचं, गळ पोटात लपवलेलं, आणि ते तळावरून इतकं हळू ओढायचं की आपल्यालाच झोप यावी. मी भराभर रीळ फिरवायचो. ते म्हणायचे, "पेणकर, चिंबोरी कधी बस पकडायला धावते का?" स्वतः ते चिंबोरी खात नसत, धर्मात बसत नाही. पण चिंबोरी कशी चालते हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नव्हतं.

जून ते ऑगस्ट, पहाटे, पाणी तेलासारखं. तेव्हा वर तरंगणारा मासा. रॉडच्या टोकानं त्याला डावीकडे-उजवीकडे झुलवायचं, जखमी मासोळी तडफडते तसं. खालून बास येतो आणि पाणी फुटतं. माझ्या माशाखाली दोनदा पाणी फुटलं. दोन्ही वेळा मी घाबरून आधीच ओढलं.

"त्याला तोंड तरी मिटू द्या," ते म्हणाले.

हे सगळं शिकवताना ते एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत. फेब्रुवारी-मार्चमध्ये बास घरी न्यायचा नाही. ते दिवस त्याच्या अंड्यांचे, सरकारचा कायदा आहे, धरला तर सोडायचा. मी हो हो म्हणायचो. माझ्या डोक्यात तिची तिथी माघातली, त्यांच्या तोंडी महिना इंग्रजी. ही दोन कॅलेंडरं शेजारी ठेवून बघायची अक्कल मला वर्षभर आली नाही.

बिनगळाच्या फेकीचं मी उन्हाळ्यात एकदा विचारलं. चेष्टेत विचारलं होतं. पोहणारे बघता काय? मग एप्रिलच्या गारठ्यात कोण पोहतं?

त्यांनी फ्लास्कमधला चहा ओतला आणि शांतपणे सांगितलं. पुष्कळ वर्षांपूर्वी, नोव्हेंबरात, सकाळची पहिली फेक. तीन गळांचा मोठा खोटा मासा होता. काहीतरी जड लागलं. शेवाळ समजून त्यांनी ओढलं, आणि लाटेवर एक बाही वर आली. गावातला एक माणूस आठ दिवस बेपत्ता होता, तो. ओहोटी लागली होती. दोरी सोडली तर तो समुद्रात जाणार, ओढली तर कापड फाटून तेच होणार. किनाऱ्यावरून जाणाऱ्या बाईनं कोस्टगार्डला फोन केला. बोट येईपर्यंत हे उभे.

"दोन तास आम्ही दोघं एका दोरीला होतो," ते म्हणाले. "लाट गेली की तो ओढायचा, लाट आली की मी. शेवटी शेवटी मी त्याच्याशी बोलत होतो. आणि पेणकर, सारखं एकच वाटत होतं. याला आपण गळ लावलाय. विचारलंसुद्धा नाही."

तेव्हापासून पहिल्या फेकीला गळ नाही.

यानंतर मी चेष्टा केली नाही, पण पाण्यात कोणी असतं हे खरंही धरलं नाही. धरलं ते सप्टेंबरात.

सकाळचे दहा असतील. ऊन होतं, आणि पाच मिनिटांत समुद्रावरून धुकं आलं. इथं येतं तसं, दुधात बुडवल्यासारखं. माझे हात मला दिसत होते, बूट दिसत नव्हते. त्यांनी बिनगळाचा मासा फेकला. तो पडल्याचा आवाजही आला नाही. ते उभे राहिले, नेहमीसारखी मान वाकडी. मग त्यांनी माझा हात धरून दोरी माझ्या बोटावर ठेवली.

"बघा."

दोरी चालत होती. मासा लागला की झटका येतो, खाली धाव असते. शेवाळ लागलं की नुसतं जड होतं. हे तसं काही नव्हतं. दोरी आमच्या समोरून, किनाऱ्याला धरून, उजवीकडे चालली होती. हळू. थोडं चालायची आणि थांबायची. परत थोडं चालायची.

मी म्हटलं, शेवाळ असेल.

"शेवाळ थांबत नाही," ते म्हणाले. आवाज इतका खाली की धुक्यालाही ऐकू जाऊ नये. "ओढू नका. जाऊ दे त्यांना."

त्यांना, म्हणाले. मी दोरी टाकून दिली आणि खडकावर बसलो. परत गुंडाळली तेव्हा खोटा मासा जसाच्या तसा होता, एक ओरखडा नाही. त्या दिवशी त्यांनी दुसरी फेक टाकली नाही. घरी मुलगी म्हणाली, बाबा, सील असेल, इथं खूप आहेत. असेल. पण मला झोप लागली नाही. बायकोचे गुडघे गेले होते. किनाऱ्याच्या रस्त्यावर मी तिला फिरवायचो, तेव्हा ती चार पावलं चालायची आणि थांबायची. बाकावर बसायची नाही. समुद्र बघायलाच थांबलेय असं दाखवायची.

हे मी त्यांना बोललो नाही. ते मला वेडा म्हणाले नसते, म्हणूनच नाही.

पुढं ऑक्टोबरचं वादळी पाणी आलं, फेसातून ओढायचे मोठे खोटे मासे डब्यातून बाहेर आले, त्यांनी दोन बास धरले. एक मला देऊ केला, फ्रीझरमध्ये ठेवा म्हणाले. मी नाही म्हटलं. माझ्या हातचा नव्हता. "हट्टी आहात," ते म्हणाले. "मग फेब्रुवारीत माझ्याकडे रडत येऊ नका." तेव्हाही मला कळलं नाही. डिसेंबर गेला, मला काही लागलं नाही.

तिथी आली. मुलीनं तांदूळ भिजवले, मी सकाळी खाडीच्या तोंडावर गेलो, जिथं थंडीतही एखाददुसरा बास राहतो. ते आले होते, दुखरा खांदा धरून. त्यांनी बिनगळाची फेक टाकली आणि बराच वेळ उभे राहिले. "कोणी नाही," म्हणाले, पण माझ्याकडे न बघता.

मी छोटं पांढरं रबर लावलं. एकच गळ, त्याचं उलटं टोक त्यांनी कानशीनं घासलेलं, म्हणजे सुटायला सोपं. तळावरून ओढलं, झोप येईल इतकं हळू. आणि वर्षभर जे झालं नाही ते झालं. रॉड वाकला.

हातभर बास. रुपेरी. पाठीचा काटा माझ्या तळव्यात घुसला आणि मला इतका आनंद झाला की मी रक्ताकडे बघितलंही नाही. पिशवी उघडली.

"आज फेब्रुवारी आहे," ते म्हणाले.

मी आधी हसलो. मग कळलं. मग मी जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. किनाऱ्यावर कुत्रंही नव्हतं. मी म्हटलं, एक मासा, एका मेलेल्या बाईसाठी. कोण बघतंय?

ते गुडघ्यावर बसले. त्यांना बसणं सोपं नव्हतं. "तेच तर मी रोज विचारतो," म्हणाले. "कोण बघतंय."

मासा माझ्या हातात तोंड उघडत-मिटत होता.

"पेणकर, पानावर वाढाल, गच्चीवर ठेवाल आणि सीगल नेईल. तुमचं माणूस कुठं आहे? तुम्ही स्वतः तिला कुठं सोडलंत?" त्यांनी पाण्याकडे बोट केलं नाही. गरज नव्हती. "तिथं वाढा की."

मी पाण्यात उतरलो, बुटांसकट. मासा दोन्ही हातांनी पाण्याखाली धरला, त्यांनी शिकवलं होतं तसं, तोंड प्रवाहाकडे. त्याचे कल्ले भरले. म्हटलं, जिताडा नाही, त्याचा भाऊ आहे. या वेळी खरं सांगतोय. मग तो माझ्या हातातून गेला.

पानावर त्या दिवशी भात, वरण, भाजी होती. माशाची जागा मी रिकामी ठेवली.

त्या सकाळी खाडीवरून परत येताना त्यांनी तो बिनगळाचा मासा माझ्या खिशात टाकला होता. खांदा गेलाय, आता पहिली फेक तुमची, म्हणाले. आणि दम लागलेला असतानाही हसले. "मी गेलो की मातीत जाणार, तुमच्यासारखा पाण्यात नाही. तेव्हा माझी वाट तिथं बघत बसू नका. सर्दी होईल."

मेमध्ये गेले. शुक्रवारी. शनिवारी कोणी हललं नाही, रविवारी मँचेस्टरला त्यांच्या लोकांच्या दफनभूमीत ठेवलं. मुलीनं गाडी चालवली. मी तीन फावडी माती टाकली. तिथून समुद्राचा वाससुद्धा येत नाही.

उन्हाळाभर मी गेलो नाही. सप्टेंबरात एका सकाळी गेलो. ऊन होतं, मग धुकं आलं. खिशातून तो पांढरा मासा काढला, कडीला नख लावून बघितलं, गळ नाही. फेकला. दोरी बोटावर घेतली. मान आपोआप वाकडी झाली.

"आधी बघू दे," मी म्हटलं, मोठ्यानं, "पाण्यात कोण आहे."

बराच वेळ काही नाही. मग दोरी चालायला लागली, किनाऱ्याला धरून, उजवीकडे. चार पावलं. थांबली.

ते तर मँचेस्टरला आहेत, मातीत. त्यांनी सांगून ठेवलं होतं.

मी दोरी ओढली नाही. ती पुन्हा चालायला लागली तसा मीही खडक सोडून वाळूत उतरलो आणि तिच्या बाजूनं चालू लागलो. चार पावलं चालायचो. ती थांबली की थांबायचो, समुद्राकडे बघत, जणू बघायलाच थांबलोय.