मला सांगितलं नव्हतं

डॉक्टरांनी फरशीवर खडूने एक रेघ ओढली. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मग मला खांद्याला धरून रेघेच्या टोकावर उभं केलं आणि स्वतःच्या डोळ्यांवर हात ठेवून दाखवलं. डोळे मिट. चाल.

बाकांवर दहा-बारा डॉक्टर बसले होते. सगळे बाहेरगावचे, सगळे पुरुष. मी एकटी बाई, अठरा वर्षांची. अनवाणी. चपला बाहेर काढायला लावल्या होत्या, मायलाही बाहेरच बसवलं होतं.

मी डोळे मिटले. दोन पावलं टाकली. तिसऱ्या पावलाला जमीन कुठे आहे ते कळेना. मी बाकाच्या कोपऱ्यावर आपटले. पदर सुटला. डोळे उघडले तेव्हा पुढच्या बाकावरचे दोघं हसत होते. एकाने अंगठा तोंडाजवळ नेऊन बाटलीची खूण केली. मला ऐकू येत नव्हतं, दिसत तर होतं. बहिऱ्या माणसासमोर लोक हे विसरतात.

माझे डॉक्टर हसले नाहीत. ते माझ्या कानाकडे छडी दाखवून इंग्रजीत काहीतरी समजावत होते.

माझे डॉक्टर. वर्षभर मी त्यांना असंच म्हणत होते.

महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली होती. आमचं गाव नांदुऱ्याजवळ, रेल्वेच्या लायनीला लागून. बाबा लायनीवर गँगमध्ये कामाला. मी सातवीची फायनल पास झाले होते. आमच्या बौद्धवाड्यातली पहिली मुलगी. मास्तरीण व्हायचं ठरलं होतं, ट्रेनिंगचा फॉर्मही भरला होता. तेवढ्यात खोकला लागला, रक्त पडलं. क्षय निघाला.

तालुक्याच्या गावी या डॉक्टरांचा दवाखाना होता. माणूस मोठ्या घरचा. त्यांच्या बापाच्या शेतात माझ्या आजीने उभा जन्म कापूस वेचला होता. तिला तहान लागली की ते लोक वरून, लांबून पाणी ओतायचे. आणि त्याच घरातल्या या माणसाने मला हात लावला. पाठ ठोकली, मान दाबली, जिभेखाली ताप मोजायची काच ठेवली. नंतर हात धुतले, पण सगळ्यांचेच तपासून धूत होते. माय माझ्या शेजारी उभी होती. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"देवमाणूस हाय वं," ती बाहेर येऊन म्हणाली.

बाबा म्हणाले, "आपण देव सोडला ना आता."

"देव सोडला. माणूस तं हाय."

मी आणि माय त्याच गावात मावशीकडे राहिलो. रोज सकाळी सुई. एक दिवस या कुल्ल्यात, एक दिवस त्या. खोकला उतरला, अंगावर मांस आलं. माझा जीव त्या औषधाने वाचला. हे मी कधी नाकारलं नाही, आजही नाकारत नाही.

तिसऱ्या आठवड्यात कानात आवाज सुरू झाला.

"माये, रातकिडे लय वरडून राह्यले."

"दिवसा कुठचे रातकिडे वं?"

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना सांगितलं. स्वतः, माझ्या तोंडाने. कानात किर्रर्र होतं, चालताना भिंत हलल्यासारखी वाटते. त्यांनी मान वर केली. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी मला खुर्चीवर बसवलं. वही उघडली. केव्हा सुरू झालं, कोणत्या कानात, सकाळी जास्त की संध्याकाळी, सगळं विचारलं आणि सगळं लिहून घेतलं. एवढं लक्ष देऊन माझं बोलणं कुणीच ऐकलं नव्हतं. शाळेतल्या मास्तरांनीही नाही.

मी विचारलं, "डॉक्टरसाहेब, हे काऊन होते?"

ते म्हणाले, "औषध लागू पडतंय. त्याचीच खूण आहे ही."

मी खूश झाले. मावशीकडे जाऊन मायला सांगितलं. आवाज वाढला की मला बरं वाटायचं. अशी मी होते.

सुया चालू राहिल्या. वहीही चालू राहिली.

तीन महिन्यांनी गावी आले. दुपारी बाबांची भाकर घेऊन लायनीवर गेले. रूळ ओलांडत होते, पायाखालची खडी थरथरली, म्हणून मान वळवली. इंजिन अंगावर आलं होतं. बाबांनी मला ओढून खाली पाडलं. गाडी गेली आणि त्यांनी माझ्या कानफटात मारली. त्यांचं तोंड हलत होतं. शिट्टी, शिट्टी, एवढं मला ओठांवरून कळलं. मी म्हटलं, "कोणती शिट्टी?"

बाबांचा हात तसाच वर राहिला. मग ते रुळाशेजारी खडीवर बसले आणि त्यांनी डोकं धरलं.

आम्ही परत डॉक्टरांकडे गेलो. तोपर्यंत कुणी कानाशी ओरडलं तरच थोडंफार कळायचं. अंधार पडला की भिंत धरून चालावं लागे. गल्लीतल्या बायका मायला विचारत, पोरगी पिऊन येते काय. डॉक्टरांनी पाटी मागवली, ती पुढे माझ्याजवळच राहिली. तीवर लिहिलं, "ऐकू येईल. सहा महिने दर आठवड्याला यावं लागेल."

मी गेले. एसटीने, मायचा हात धरून. ते दोन दात्यांच्या काट्यासारखं एक लोखंड वाजवून कानाच्या मागच्या हाडावर टेकवत. मग मला आडवं करून कानात थंडगार पाणी सोडत. एका कानात, मग दुसऱ्या. माझे डोळे टॉर्च लावून बघत आणि घड्याळ बघून वहीत लिहीत. मला वाटे, ते पाणी म्हणजे औषध. घरी येताना मी कान कापसाने बंद करायची. पाण्याचा गुण निघून जाऊ नये म्हणून.

ट्रेनिंगचं बोलावणं आलं. मी गेले नाही. डॉक्टर म्हणाले होते, ऐकू येईल. ऐकू आल्यावर जाऊ असं ठरवलं. जागा दुसऱ्या कुणाला गेली.

आणि मग तो दिवस. खडूची रेघ. बाहेरगावच्या डॉक्टरांना दाखवायला मला बोलावलं होतं.

मी पडल्यावर कुणी उठलं नाही. मागच्या बाकावर एक पांढऱ्या केसांचे डॉक्टर होते, ते मात्र पुढे आले. त्यांनी माझी पाटी उचलली. मराठीत लिहिलं, "कानात आवाज केव्हा सुरू झाला?"

मी म्हटलं, "तिसऱ्या आठवड्यात."

"डॉक्टरांना सांगितलं होतंस?"

"दुसऱ्याच दिवशी."

त्यांनी माझ्या डॉक्टरांकडे पाहिलं. मग खाली बघून लिहिलं, "आवाज या औषधामुळेच होता. तेव्हाच औषध बदलायला हवं होतं. दुसरी औषधं आहेत."

माझ्या डॉक्टरांनी हात पुढे केला आणि तळहाताने पाटी पुसली.

पण माझं वाचून झालं होतं.

मी पांढऱ्या केसांच्या डॉक्टरांना विचारलं, "कानात पाणी टाकतात ते औषध असते काय?"

त्यांनी मान हलवली. नाही. रिकाम्या पाटीवर एकच शब्द लिहिला. "तपासणी."

सहा महिने. एसटीचे धक्के, मायची बुडालेली मजुरी, कानातला कापूस. तपासणी. माझं किती गेलं, ते मोजत होते. त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी हसत हसत सांगत होते, साहेब आज आवाज वाढला, आणि ते लिहून घेत होते. त्यांनी मला हात लावला म्हणून माझी माय रडली होती.

डॉक्टरांनी माझा दंड धरला आणि पुन्हा रेघेकडे नेलं. डोळ्यांवर हात ठेवून दाखवलं. मिट.

मी म्हटलं, "मी डोळे मिटणार नाही."

माझा आवाज केवढा निघाला मला माहीत नाही. सगळे बाक माझ्याकडे बघायला लागले, म्हणजे मोठाच निघाला असेल. मी त्यांचा हात काढला. पाटी काखेत मारली. उघड्या डोळ्यांनी, भिंतीला हात लावत, दारापर्यंत गेले. तिरपीच गेले. बघायचं असेल त्यांनी बघितलं.

पंधरा दिवसांनी डॉक्टरांचा कंपाउंडर आमच्या घरी आला. ओळखीचा, भला माणूस. त्याच्या पिशवीत एक डबी होती. कानाचं यंत्र. वायर असलेलं, पोलक्यात अडकवायचं. त्याने ते माझ्या कानात लावून दिलं आणि खटका दाबला. आधी खरखर. मग परातीतल्या भाकरीवर मायने थाप मारली ती ऐकू आली. बारीक, दुरून, पण आली. मग मायचा आवाज.

"येते काय वं? ऐकू येते काय?"

सात महिन्यांनी मी मायचा आवाज ऐकला.

कंपाउंडरने एक कागद काढला आणि शाईचा पॅड उघडला. अंगठा दे, म्हणाला. यंत्र तुझंच.

मी कागद मागितला. तो म्हणाला, "त्यात काही नाही. रीत असते."

मी वाचला. टाइप केलेला होता, मराठीत. 'सदर औषधाने कानावर होणारे परिणाम मला उपचारापूर्वी समजावून सांगण्यात आले होते व माझ्या संमतीने उपचार चालू ठेवण्यात आले.'

माय म्हणाली, "लाव ना वं अंगठा. लोकायचं बोलणं तं ऐकू येईन. तुह्यावाला जनम पडला हाय अजून."

बाबा दारात उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, "काय लिहलं हाय?"

मी मोठ्याने वाचून दाखवलं. शेवटचा शब्द संपला तसं मायने तोंडावर पदर घेतला.

मी कंपाउंडरचा पेन घेतला. टाइप केलेल्या ओळींच्या खाली लिहिलं, 'मला सांगितलं नव्हतं. विचारलं तेव्हा खोटं सांगितलं.' त्याखाली पूर्ण नाव लिहून सही केली. बापाच्या नावासकट. मग कानातून यंत्र काढलं. वायर गुंडाळून डबीत ठेवली. माय काहीतरी बोलत होती, तेवढ्यात तिचा आवाज गेला. तो जाताना मला कळला. ते अजून आठवतं.

कंपाउंडर गेला. डॉक्टरांच्या वहीतलं पुढे इंग्रजीत कुठे छापून आलं की नाही, मला माहीत नाही. आलं असेल तर मी त्यात आहे. नाव नसेल.

मी मास्तरीण झाले नाही. शिवणयंत्रावर बसते, त्याला कान लागत नाहीत. पण आसपासच्या कोणत्याही वस्तीत क्षयाच्या सुया सुरू झाल्याचं कळलं की मशीन बंद करून मी जाते. काही घरातून हाकलतात. डॉक्टरच्या विरुद्ध बोलते म्हणून एका पाटलाने दोनदा गावाबाहेर काढली. तिसऱ्यांदा गेले.

मी सांगते, औषध सोडू नका, औषधाशिवाय मराल. पण कानात काही वाजलं, भिंत हलली, तर त्याच दिवशी सांगा. कागदावर लिहून द्या. लिहिता येत नसेल तर मला बोलवा, मी लिहीन. आणि डॉक्टर म्हणाला की ही चांगली खूण आहे, तर तिथेच उभं राहा. हलू नका. त्याला म्हणा, हे सहीनिशी लिहून दे.